हर्क्युलीस आणि तांदळाचं पिंप

सालमिया, कुवेत
१८ ऑगस्ट १९९१

तीर्थरूप मालनमावशीस,

हरीशचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? नाशिकला पाऊस असेल तर उगाच जिना चढ-उतार करू नकोस. मी धडधाकट आहे, फक्त तेलाच्या विहिरी अजून जळताहेत, त्यामुळे शिंकलो की रुमाल काळा होतो.

गेल्या वर्षी इराकी फौजा घुसल्या आणि घर बंद करून आम्ही सगळे पळालो, त्यानंतर आता इस्पितळानं बोलावलं म्हणून मी एकटाच परत आलोय. पद्मजा साताऱ्याहून बजावते की घर राहण्याजोगं झाल्याशिवाय रसिकाला घेऊन येणार नाही. मला इथे एकट्याला अजिबात करमत नाही, मावशी, तुला म्हणून सांगतो. तेव्हा कंबर कसली. चोरांनी टीव्ही नेला, पंखे नेले, दारांच्या कड्यासुद्धा नेल्या, पण रसिकाचं हर्क्युलीसचं पुस्तक कोणाला नको होतं. (हा ग्रीक लोकांचा भीम समज, तेवढाच खादाड आणि तेवढाच तापट.) एका राजानं त्याला बारा अचाट कामं सांगितली. मला बायकोनं सांगितली आहेत आणि ती बारावर थांबलेली नाहीत.

त्यानं सिंह मारला. आमच्या कपाटात, माझ्या लग्नातल्या कोटावर, मांजर व्यायली होती. सिंहावर बाण चालत नव्हते, हिच्यावर माझं ओरडणं चालेना. शेवटी कोट तिला देऊन टाकला. मग त्याचा तो अनेक तोंडांचा साप, एक मुंडकं उडवलं की दोन उगवायची. त्यानं आमची झुरळं पाहिली असती तर सापाला हात जोडून घरी गेला असता. फ्रिजबद्दल काही लिहीत नाही. (आत सुरमई होती, वर्षभर, विजेशिवाय. श्रावणात नाव काढलं, माफ कर. चोरांनीसुद्धा तो एकदा उघडून पुन्हा नीट लावून ठेवलेला दिसला.)

पण खरी कमाल तबेल्याची. वर्षानुवर्षं न झाडलेला तबेला या गड्यानं नदी वळवून एका दिवसात धुतला. हे वाचलं मात्र, मी गच्चीवरच्या टाकीला नळी जोडून स्वयंपाकघरात सोडली. तबेल्याच्या खालच्या मजल्यावर कोण राहत होतं ते पुस्तकात दिलेलं नाही. आमच्या खाली असमा राहते, रत्नागिरीची, तिचा नवरा अकबर इथल्याच एका दुकानात असतो. तिचा गालिचा भिजला. ती तणतणत वर आली, मला गुडघाभर फेसात उभा पाहिला आणि "भाऊ, तुमच्यानं नाय व्हायचं हे," म्हणत माझ्या हातातला खराटा घेतला. सर्वांत शेवटी कोठीतलं तांदळाचं पिंप, पोरकिड्यांनी बुजबुजलेलं. ते मात्र मी एकट्यानं खांद्यावर घेतलं आणि कचऱ्याच्या गाडीत उलटं केलं. हर्क्युलीसनं म्हणे आभाळ खांद्यावर पेललं होतं, पण ते काही त्याच्या मानेवरून चालत नव्हतं.

तर घर आता लख्ख झालंय. पद्मजेला तू तसं कळव, तुझं ती ऐकते. हे पत्र अकबर नेतोय. तो महिनाभर गावी चाललाय, मुंबईत पेटीत टाकेल.

तुझा,
हरीश

ता. क. आज देवापुढे दिवा लावायला गेलो तर देव्हारा रिकामा. मग आठवलं. घर बंद करताना देव उपाशी राहू नयेत म्हणून पद्मजेनं अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तांदळात ठेवले होते. त्या पिंपात. तिच्या आईनं लग्नात दिलेले, आणि आई आता नाहीत. मावशी, तुमच्या तांबट आळीतून जुन्यासारखे दिसणारे दोन्ही देव घे आणि अकबर परत निघेल तेव्हा त्याच्याजवळ पोचते कर. अन्नपूर्णेची पळी जराशी वाकडी हवी.

ता. क. पुन्हा. देव घेऊ नकोस. आत्ताच पद्मजेचं पत्र आलं. असमानं परस्पर तिला लिहून ठरवून टाकलंय, पद्मजा आणि रसिका अकबरच्याच परतीच्या विमानानं, त्याच्या सोबतीनं येताहेत. लिहिते, घर कसंही असो, मला आता तिथे यायचंय, आणि देवांना हात लावू नका, तांदळातून मीच काढीन. मी तिला विमानतळावरच खरं सांगणार आहे. तुझ्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक आहे, पण ती विमानात बसेपर्यंत तेवढं राहू दे. मग तिनं जन्मभर अबोला धरला तरी चालेल, निदान समोर बसून धरेल.