मधली चार पानं

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांना आराम आहे हे वाचून बरं वाटलं, बाकीचं वाचून डोकं फिरलं. पण आधी माझ्या कामाचं सांगते, नाहीतर म्हणशील, पोरगी पहिल्या ओळीपासूनच भांडायला उठली.

रविवारी मी गाणार आहे ती वीस मिनिटांची रचना सोप्रानोसाठी, म्हणजे बायकांच्या सगळ्यात उंच आवाजासाठी लिहिलेली आहे. मी एकटी आणि सोबत पियानो. नवऱ्यानं टाकलेली एक बाई आधी रडते, मग चिडते आणि शेवटी माफ करते. रडणं आणि माफी सगळ्यांनाच आवडते. मधल्या चार पानांत मात्र आवाज वर चढतो आणि खाली यायचं नाव घेत नाही; तिथं गोड गायलं की सगळं फुकट. आमच्या संचालकांनी ती पानं चिमटा लावून बंदच करून टाकली होती. म्हणाले, "लोक सुट्टीच्या दिवशी येतात, त्यांना कशाला बोलणी खायला लावायची?" मी म्हटलं, न रागावता माफ करणारी बाई माफ करत नसते, नुसती दमलेली असते. ते म्हणाले, मग दुसरी गायिका बघतो. म्हटलं, खुशाल बघा. पियानो वाजवणाऱ्या मावशी कधी कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. त्यांनी मुकाट्यानं चिमटा काढून पर्समध्ये टाकला आणि त्याच पानापासून वाजवायला सुरुवात केली. मी गायले. संचालक घड्याळ बघत बसले, पण दुसरी गायिका काही आली नाही.

नंतर मावशींनी विचारलं, एवढा राग आणतेस कुठून गं? काय सांगणार? मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाबा दुसऱ्या बाईकडे राहायला गेले. तू शिलाई मशीनवर पाय मारत बसायचीस आणि शेजारणीला हसून सांगायचीस, "कामानिमित्त बाहेरगावी असतात." मी दारामागे उभी राहून दातओठ खायचे. तू कधी एक भांडंसुद्धा आपटलं नाहीस. मला त्यांच्यापेक्षा तुझाच जास्त राग यायचा, आई. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता ते थकून परत आलेत आणि तू त्यांना घरात घेतलंस. घर तुझं, नवरा तुझा, मी मधे बोलणारी कोण? पण काल त्यांची चिठ्ठी आली. रविवारचं तिकीट मागितलंय. लिहितात, "तुझ्या मनात माझ्याबद्दल आता काही राग उरलेला नाही असं आईनं सांगितलं, जीव भांड्यात पडला."

तिकीट मी पाठवलंय, पहिल्या रांगेतलं. येऊ देत. पण घरातून निघण्याआधी त्यांना खरं काय ते सांग. मला न विचारता तू हे बोललीस, हे सांग. तुझ्या वाटची माफी तू दिलीस, तो तुझा हक्क. माझ्या वाटची माझ्याकडेच आहे, आणि ती मी अजून दिलेली नाही.

तुझीच,
भांडकुदळ