निळ्या कोटाच्या बाह्या

सुरगाणा,
ता. १० ऑगस्ट १९८६

चि. रंगनाथ यास सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र जीपवाल्याने काल आणून दिलं. आईचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. इथे भाताची लावणी संपली, आता आश्रमशाळेतली बाकं पुन्हा भरू लागली आहेत.

आता रागावण्याचं. कारभारीमामा परवा तालुक्याच्या कामाला इकडे आले होते. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, तुमचा रंगा काळी गंजी, पायाला चिकटलेली, गुडघ्यावर फाडलेली पँट आणि पाठीवर कवटी काढलेलं जाकीट घालून नाशिकरोडभर हिंडतो, केस पार खांद्यापर्यंत. मला मान वर करवेना. आपल्या माणसांनी स्वच्छ, नीटनेटकं राहावं म्हणून बाबासाहेबांनी किती कळकळीने सांगितलं! आपले बाबा देवळाली कॅम्पच्या वर्कशॉपातून आले की राखेने हात घासून पांढरा सदरा घालायचे. माझ्या वर्गातल्या चिमणाचा फ्रॉक फाटका आहे, कारण तिच्याकडे दुसरा नाही. तू मात्र धडके कपडे मुद्दाम फाडतोस. मी बी.ए. झाले ती काय हे ऐकायला?

आणखी एक. बाबांचा वर्कशॉपचा निळा कोट डांबरगोळ्या घालून ट्रंकेत जपून ठेव. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आपल्याकडे त्यांचं अंगावरचं तेवढंच उरलंय.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
विमलताई


नाशिकरोड,
ता. २४ ऑगस्ट १९८६

ती. ताईस शि. सा. जयभीम,

हेडबाई, पत्र मिळालं. छड्या हातावर घेतल्या, आता जरा बोलू द्या.

मामांनी कवटी पाहिली, पण कोणी काढली ते नाही सांगितलं. ती सावळीरामची, ट्रकच्या मागे 'हॉर्न द्या' लिहितो तो आपला साव्या पेंटर. कॅम्पातल्या फौजींच्या पोरांकडून आम्हाला हेवी मेटलच्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी मिळतात. कव्हरवरचे फोटो बघून आम्ही कपडे करतो, विकत कुठे मिळणार? गंजी मी आईच्या पातेल्यात रंग घालून उकळली. तेव्हापासून आई पातेली लपवते. पट्ट्याला बॅगवाल्याकडचे रिव्हेट ठोकलेत. पँट शिंप्याने तीनदा आत घेतली आणि विचारलं, बाबा रे, आता यात शिरशील कसा? पायाला प्लॅस्टिकची पिशवी चढवतो आणि शिरतो.

पण ताई, एक खरं सांगतो. पांढऱ्या शर्टात कॉलेज रोडला उभा राहिलो की लोक तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतात. जाकीट घातलं की कोणी विचारत नाही. आधी दचकतात, मग हसतात, मग विचारतात तू काय ऐकतोस म्हणून. मला तेवढं पुरतं.

बाबांच्या कोटाची काळजी करू नकोस. तो रोज माझ्या नजरेसमोर असतो.

छडी मारा, पण विसरू नका.

तुझा,
रंगा


सुरगाणा,
ता. १६ नोव्हेंबर १९८६

चि. रंगनाथ यास सप्रेम जयभीम,

तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहिते. सुट्टी संपवून मी निघाले त्या सकाळी तू कारखान्यात पाळीवर होतास, आई दवाखान्यात. दारात बोहारीण आली. तुझं ते काळं, बिनबाह्यांचं जाकीट दोरीवर वाळत होतं. मी ते तिला देऊन टाकलं. तिने आधी नाक मुरडलं, मग स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा दिला. डबा फळीवर ठेवून मी बस गाठली.

तुझ्या भल्यासाठीच केलं, असं मला अजून वाटतं. सोबत शर्टाचं पांढरं कापड पाठवते, शिवून घे.

आणि हो, निघताना ट्रंक उघडली होती. कोट दिसला नाही. कुठे ठेवला आहेस?

माया आहे म्हणूनच कठोर होते, हे ओळख.

तुझी,
विमलताई


नाशिकरोड,
ता. २५ नोव्हेंबर १९८६

ताईस जयभीम.

कोट तूच बोहारणीला दिलास.

बाबांचाच कोट मी काळा रंगवला होता. बाह्या आईने कापल्या. म्हणाली, ट्रंकेत कसर खाईल त्यापेक्षा तू घाल, त्यांचं अंग घरात फिरल्यासारखं वाटेल. काखेतली उसवण तिनेच चष्मा लावून शिवली. तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. नजरेसमोर आहे असं लिहिलं, अंगावर आहे असं लिहिलं नाही. तेवढी चूक माझी.

डबा चांगला आहे. आई रोज त्यातच भाकरी देते.

रंगनाथ


सुरगाणा,
ता. १८ जानेवारी १९८७

चि. रंगास जयभीम आणि जे काही उरलं असेल ते.

दोन महिने तुझं पत्र नाही. दोन रविवार नाशिकला जुन्या कपड्यांच्या बाजारात फिरले, घरी यायचं धाडस झालं नाही. ती बोहारीण सापडली, भागीबाई तिचं नाव. तिला कवटी आठवत होती. म्हणाली, असला माल अंगावर घालायला कोण घेईल बाई? गठ्ठ्यात बांधून मालेगावला गेला, यंत्रमागाचं तेल पुसायच्या चिंध्यांत. बाबा वर्कशॉपात तसल्याच चिंध्यांना हात पुसायचे. मी तिथेच पायरीवर बसले.

मग मात्र तू पाळीवर असताना घरी गेले. आईने ट्रंकेच्या तळातून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. त्यात कोटाच्या दोन बाह्या होत्या, रंग न लागलेल्या, निळ्या. मी फाटलेलं पाहिलं रे, शिवलेलं पाहिलं नाही. बाह्या पोस्टाने पाठवते. काळ्या कर, रिव्हेट ठोक, वाटेल ते कर. मी कुणासमोरही मान खाली घालणार नाही.

चार ओळी तरी लिही.

तुझी चुकलेली,
ताई


नाशिकरोड,
ता. २ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस सा. जयभीम,

बाह्या पोचल्या. रडत बसू नकोस, मुलांना शिकव. आईचा खोकला बरा आहे.

मी केस कापले. तुझ्यामुळे नाही, फोरमन म्हणाला मशीनमध्ये जातील. तुझ्या कापडाचा शर्ट शिवला. साव्या दुसरं जाकीट रंगवून देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. कॅम्पात आता फारसं जाणं होत नाही. परवा एका साहेबाने आडनाव विचारलं. सांगितलं.

एक बाही माझ्याकडे ठेवली, दुसरी या पाकिटात आहे. पाठवण्याआधी शर्टावरून एकदा घालून पाहिली. मला वाटायचं बाबा माझ्यापेक्षा थोराड होते. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत बरोबर बसली, बोटभरही कमी-जास्त नाही. कापायच्या आधी कोट एकदा तसाच घालून बघायचं मला सुचलं नव्हतं.

लोभ आहे, दोघांत वाटून.

तुझा,
रंगा