भिंतीपलीकडची घरघर

९ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा गेला! स्क्रीन थिजली, माउस हलेना, मग सगळा काळोख. आणि मग पीं असा आवाज करून पठ्ठ्या आपणहून सुरू — जणू काही झालंच नाही. माझं सकाळचं काम मात्र पाण्यात.

आर्किटेक्ट बाईंच्या बंगल्याचं चित्र होतं. न बांधलेलं घर बांधल्यासारखं दाखवायचं, हा माझा धंदा. बाईंना जिन्यावर ऊन पडलेलं हवंय. म्हणाल्या, "एवढं एक वेळेत द्या, पुढची सगळी घरं तुमच्याकडेच." ऑफिसातून काढल्यापासून असं पहिल्यांदाच कुणी बोललं. हे हातचं गेलं तर घरी बसून काम करण्याची माझी ऐट संपली.

आणि हा डबा मी स्वतःच्या हातांनी जोडलाय, एकेक भाग निवडून. त्यामुळे दोष द्यायलाही कुणी नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

धाकट्या भावाला फोन केला. करायला नको होता. "दादा, रॅम असेल. तरी म्हटलं होतं, रेडिमेड घे." हे दुसरं वाक्य त्याने फोन उचलायच्या आधीच तयार ठेवलं असणार.

रॅमच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, जागा बदलून लावल्या. दुपारपर्यंत ठीक. मग पलीकडच्या खोलीत अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन घरघरायला लागलं, इकडे माझा मेला. तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही. वडिलांनी ऐकू नये असं होतं. भिंत काही एवढी जाड नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

ही विचारत आली, "अण्णा म्हणतायत, सारखं ओरडायला काय होतं?"

"सांग, कॉम्प्युटर मरतोय."

पलीकडे गेली, सांगून आली. दोन खोल्या, मधे एक भिंत, आणि टपाल बायकोच्या हाती. दोन वर्षं हेच. माझी नोकरी गेली त्या महिन्यात अण्णा मेव्हण्यासमोर, भरल्या ताटावर म्हणाले होते, "धाकट्याने नाव काढलं, याने होतं ते घालवलं." मी उठून हात धुतले. तेव्हापासून अबोला. तेही काही कमी नाहीत. मी समोर उभा असलो तरी हिच्याकडे बघून "त्याला सांग गं" म्हणतात. मग मीही "त्यांना सांग". त्यांच्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. निदान हट्टाच्या बाबतीत तरी मी त्यांचं नाव राखलंय, पण ते कोण बोलणार!

१४ ऑक्टोबर, सोमवार

धूळ काढली. पंखे पुसले. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. तापमान अगदी नॉर्मल. तरी जेवणानंतर गेलाच. बाईंचा मेसेज — "कसं चाललंय?" मी लिहिलं, "उत्तम."

कामावर निघताना हिचा रोजचा मंत्र, "डॉक्टरांनी बजावलंय, जेवण-आंघोळ सोडून मशीन बंद करायचं नाही. लक्ष ठेवा." मी कसं लक्ष ठेवणार? कानांनी. वीज जळते म्हणून अण्णा ते दिवसातून दहादा बंद करतात, धाप लागली की पुन्हा लावतात. पुन्हा घरघर. मला तर वाटतं, निम्मी धाप माझ्या डोक्याला ताप म्हणूनच लागते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. दिवस गेला. शेवटची फाइल परत ठेवत होतो आणि काळोख! रोग रेड्याला नि औषध पखालीला.

पार्टवाल्याकडे गेलो. म्हणाला, "साहेब, आमच्याकडून निघाला तेव्हा एकदम शहाणा होता." लग्न करून दिलेल्या मुलीबद्दल बापाने बोलावं तसं. मग मान खाजवत म्हणाला, "आतला पॉवर सप्लाय बदलून बघा."

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बदलला. टेबल ओढून मागे शिरलो तेव्हा भिंतीतलं ते भोक दिसलं. खोलीचं ऑफिस केलं तेव्हा वायरमनने अण्णांच्या बोर्डावरूनच वायर इकडे ओढली. "जुनी लाइन आहे, झेपायची नाही. मीटरपासून वेगळी आणू," म्हणाला होता. पण मग त्यांच्या खोलीत फोडाफोडी आली, म्हणजे त्यांना विचारणं आलं. म्हटलं, राहू दे, भोकच पाड.

संध्याकाळी नवा सप्लाय लावून सुरू केला. पीं. बघू.

१९ ऑक्टोबर, शनिवार

अख्खा दिवस चालला! एकदासुद्धा नाही अडखळला. जिन्यावर ऊन पडलं, कठड्याची सावलीसुद्धा पायऱ्यांवर बरोबर वाकली. धाकट्याला मुद्दाम फोन करून सांगितलं, रॅम नव्हती म्हणून. त्याला फारसा आनंद झालेला दिसला नाही.

पलीकडेही आज शांत. म्हातारबुवांना बरं वाटत असावं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

बंगला पाठवला. बाई खूश. लगेच दुसरं घर आलं, मोठं, अंगणासकट.

ही घरी आली ती तोंड पाडूनच. अण्णांचे पाय सुजलेत, दुपारचं ताट तसंच झाकलेलं. या घरात माझं जरा बरं चाललं की कुणाला तरी काहीतरी व्हायलाच हवं! तोंडाने म्हणालो नाही. चेहऱ्यावर दिसलं असेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. जिंकलो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. ते मशीन किती चाललं याचा आकडा मशीनवरच दिसतो म्हणे. तो बघून ते हिच्यावरच घसरले, "हे दिवसा चालतच नाहीये. हृदयावर ताण आलाय त्यांच्या. असंच करणार असाल तर पुढच्या वेळी मला नका बोलावू, सरळ हॉस्पिटलात न्या."

मी दाराबाहेर उभा होतो. ही विचारत होती, "का बंद करता, अण्णा?"

"आवाजाने डोकं उठतं."

"मग रात्री नाही उठत?"

एकदा बंद केलं की तोंड उघडायचं नाही, ही जुनी खोड.

ही बाहेर येऊन माझ्यावर उखडली. "तुम्ही बोला एकदा. माझ्याने आता होत नाही." मी म्हटलं, "त्यांना सांग, मरायचं तर खुशाल मरा, पण सुनेच्या माथी खापर फोडून नको." ही तशीच स्वयंपाकघरात गेली. निरोप नेला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

३ नोव्हेंबर, रविवार

ही सकाळीच बहिणीकडे गेली. सुट्टी म्हणून मी कॉम्प्युटर लावला नाही, पेपर वाचत पडलो. पलीकडे मशीन सकाळपासून एकसारखं चालू. आवाजाने डोकं उठतं ना? मग आज कसं नाही उठत? नाटकं सगळी, म्हटलं.

जेवणानंतर बाईंना एक जुनी फाइल हवी होती. बटण दाबलं. पीं.

पलीकडची घरघर थांबली.

फाइल पाठवली, कॉम्प्युटर बंद केला. पंखा फिरायचा थांबला. जरा वेळाने पलीकडे घरघर सुरू.

उगाच पुन्हा बटण दाबलं. पीं. पलीकडे खट्ट. शांत.

मी टेबलाखाली वाकून ते भोक बघितलं. एकच लाइन. त्यांचं मशीन लागलं की माझा कॉम्प्युटर जायचा आणि मी शिव्या घालायचो. रोज तसंच. मी पट्ट्या पुसल्या, लेप लावले, धाकट्याची बोलणी खाल्ली, पण माझ्या डोक्यात हे आलं नाही. त्यांच्या आलं. नव्या सप्लायने काहीच केलेलं नाही. ज्या दिवशी मी तो लावून बसलो, त्या दिवसापासून पीं ऐकलं की ते आपलं मशीन बंद करतायत आणि मी उठेपर्यंत तसेच धापा टाकत बसतायत.

रोज संध्याकाळी ही घरी आल्यावर अण्णांना हिच्याकडे निरोप देता आला असता. दिला नाही. मी काय उत्तर पाठवलं असतं, हे त्यांना ठाऊक असणार. मलाही ठाऊक आहे. "सांग, जरा वेळ बंद ठेवा म्हणावं." हेच.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

लिहिता लिहिता कळलं, कॉम्प्युटर अजून चालूच आहे नि पलीकडे शांत. भिंतीतली वायर उपटून काढली. त्यांच्या खोलीत गेलो. पलंगाच्या कडेला बसले होते, ओठ निळसर, हात मशीनच्या बटणाशी. "अण्णा," म्हटलं. मशीन मीच लावलं, नळी नाकाशी नीट बसवली, पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. पाठ किती लहान झालीय.

धाप बसायला वेळ लागला. मग माझ्याकडे न बघता, उघड्या दाराकडे बघून म्हणाले, "त्याला विचार गं, काम बुडालं नाही ना त्याचं?"

घरात आम्ही दोघंच होतो.