कापडाखाली ठरलेली किंमत

मुहर्रक, मंगळवार

आदरणीय मोझाताई,

तुला, भावजींना आणि आपल्या नवरीमुलीला, शम्माला, सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? कुवेतची थंडी सोसत नसेल तर पायमोजे घालून झोपत जा. (तू ऐकणार नाहीस, पण सांगायचं काम माझं.) अल्लाच्या कृपेने इथे सगळं ठीक आहे, निदान तू हे पत्र पुरतं वाचेपर्यंत तरी ठीक आहे असं समजून चाल. टेलिफोन केला नाही, कारण टेलिफोनवर तू ओरडतेस आणि मी काय सांगणार होतो तेच विसरतो.

तर तू म्हणालीस, आईचा मोत्यांचा हार खरा की खोटा ते बघ, किंमत काढ, विकून टाकू, तुला भावाचे दोन वाटे, मला बहिणीचा एक, आणि माझ्या वाट्यात शम्माला सोनं करू, जुनाट मोती हल्ली कोण घालतं? मी हो म्हणालो. (आईच्या गळ्यातली वस्तू विकणं मला पटत नव्हतं, पण तुला नाही म्हणायची सवय मला लहानपणी लागली नाही, ती आता साठीत कुठून लागणार?) शुक्रवारी जेवणं झाल्यावर हार बाहेर काढला आणि तिथूनच घोळ सुरू झाला. माझा मेहुणा खलफ तुला माहीतच आहे, जगात त्याला कळत नाही असं काही नाही. तो म्हणाला, मोती दातावर घासायचा, खरखरीत लागला तर खरा, गुळगुळीत लागला तर काच. घासला आणि जाहीर केलं, काच! साफ काच! ताई, तूच सांग. आई जन्मभर काच घालून मिरवली? बाबा मोती काढणाऱ्या गलबताचे एवढे मोठे नाखवा, आणि बायकोला काच? मग आमची सबीका भावावर उखडली. म्हणाली, अरे तुझी कवळी आहे, कवळीवर दगड घासला तरी गुळगुळीतच लागणार! तिने स्वतः घासला तर खरखरीत. पण तिने नुकताच हरीस खाल्ला होता, त्यामुळे लागला तो मोती की दातात अडकलेला गहू, यावर वाद पेटला. मग ज्याला दात आहेत त्या प्रत्येकाने घासून पाहिला. निम्मे खरा म्हणाले, निम्मे काच म्हणाले, आणि मला तो हार साबणाने धुवावा लागला.

शेवटी मनामाच्या बाजारात हाजी शाहीन यांच्याकडे गेलो. बाबांच्या वेळचे मोतीवाले. (दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण माणसं दिसली नाहीत तरी मोती दिसतात.) त्यांनी हार दारातल्या उजेडात धरला, तराजूत तोलला, गालाला लावला आणि 'हं' म्हणाले. मी विचारलं, खरा आहे ना? ते म्हणाले, कॉफी घे. मग आईचं विचारलं. गेली, असं मी सांगितल्यावर त्यांनी दुवा मागितली, एक लाल कापड आमच्या दोघांच्या हातांवर पसरलं आणि त्याखाली माझा हात हातात घेतला. ताई, मला एकदम भरून आलं. आई गेल्यापासून असा कुणी हात धरला नव्हता. (तूही नाही. तू हाराचंच विचारत होतीस.) ते एकेक बोट हळूच दाबत होते. मला वाटलं, जुन्या माणसांची सांत्वन करायची पद्धत असेल. मग मलाही राहवेना. मी त्यांचा अख्खा पंजा धरून दाबला, परत दाबला, हुंदके देत आणखी कितीदा तरी दाबला. हाजी दचकलेच. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मग हाजी खो खो हसले, हार त्याच कापडात गुंडाळून पेटीत टाकला, आणि म्हणाले, गुरुवारी ये. मला वाटलं, नीट तपासणार असतील. मी डोळे पुसले आणि वाटेत हमूर मासा घेऊन घरी आलो.

घरी सबीकाने विचारलं, हार कुठाय? मी सगळं सांगितलं. खलफने कपाळ बडवून घेतलं. अरे, तू नाखव्याचा मुलगा ना? मोत्यांचा भाव चारचौघांत तोंडाने बोलतात का? तो कापडाखाली बोटांनी बोलतात! त्यांनी बोटं दाबली तो त्यांचा आकडा, तू पंजा दाबलास तो तुझा, आणि हार पेटीत गेला म्हणजे झाला सौदा! कितीला झाला, असं मी विचारलं, तर म्हणतो की ते फक्त कापडाखाली हात असलेल्या दोघांनाच ठाऊक. ताई, त्या दोघांतला एक मी आहे आणि मला काहीच ठाऊक नाही! बरं, दुकानात जाऊन 'अहो, मी हार कितीला विकला?' असं विचारणार तरी कसं? बाबांचं नाव आहे त्या बाजारात.

डोकं चालत नाही. सांभाळून घे.

तुझा भाऊ,
जुमआ

ता. क. बाबा तुला मांडीवर घेऊन हा बोटांचा हिशोब शिकवायचे आणि मी शेजारी घोरत पडायचो. हाजींनी कोणतं बोट किती वेळा दाबलं ते मला चांगलं आठवतंय. क्रमाने लिहितो, आकडा काढून कळव: × × × × × × × × × ×

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं आणि गुरुवार उजाडला, म्हणून जाऊन आलो. हाजींनी हार माझ्या हातात ठेवला! दोरा कुजला होता, नवीन ओवून दिला. मी चाचरत म्हटलं, पण आपला सौदा? म्हणाले, 'कसला सौदा, बाबा? मी रास्त भाव सांगितला, आणि तू एवढं मागितलंस की तेवढ्यात माझं दुकान, घर आणि मी, तिघेही विकत मिळू. तुझा बाप अगदी असाच. मोसम वाईट गेला की हार घेऊन यायचा, भाव ऐकायचा, पंजा दाब दाब दाबून भलतंच मागायचा आणि हार घेऊन घरी जायचा. त्याला विकायचा नसायचाच.' मी विचारलं, निदान खरा तर आहे ना? तशी भडकले. 'खोट्या मोत्यांसाठी मी कुणाचा हात धरत नाही!'

ता. क. ३. पहिल्या ता. क. मधल्या बोटांवर मी फुल्या मारल्या आहेत. कागद उजेडात धरू नकोस, मागूनही शाई फासली आहे. आकडा कळला की तू लगेच वाटे पाडशील, आणि मला तो हार विकायचा नाही. हेच सांगायला कागद घेतला होता. शम्माच्या गळ्यात पडू दे तो. माझे दोन्ही वाटे तिला मामाकडून. आता तू टेलिफोन करून रास्त भाव सांगशील, आणि मी आपला पंजाच दाबत बसेन. तेव्हा सौदा मोडला असं समज आणि लग्नाची तारीख कळव.