पाच सुट्ट्यांचं वेळापत्रक

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
ठण्ण! शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर शिपायाने हाणलेला टोला. साठ वर्षं झाली, अजून कानात आहे. मधल्या सुट्टीचा तो ठण्ण झाला की गुरुजींचं अर्धं वाक्य हवेत लोंबकळत राहायचं आणि आम्ही पसार.

आजपासून घरून काम. छापखान्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण चांगला मुद्रितशोधक हवा म्हटल्यावर त्यांना माझीच आठवण झाली. शाळेतल्या जुन्या कवितांचा संग्रह. दोनशे बारा पानं, बावीस तारखेपर्यंत. सगळं लॅपटॉपवर. दुसऱ्या पानावर मुद्रितशोधकाचं नाव छापणार आहेत. अडतीस वर्षं दुसऱ्यांची नावं शुद्ध केली, माझं कुठे छापून आलं नाही. लग्नपत्रिकेत आलं होतं, त्यात वेलांटी चुकली होती.

वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. तास सहा, सुट्ट्या पाच: पाण्याची, छोटी, मधली, डोळ्यांची आणि चहाची. मुलाने लेख पाठवला आहे, घरून काम करणाऱ्याने अधूनमधून उठावं म्हणून. ते मला जमतं.

४ मार्च. संध्याकाळी ६
पानं सात. ठरवली होती सोळा. खुर्ची बोचते.

५ मार्च, मंगळवार
ऑफिसातून एका मॅडमचा फोन. आवाज कोवळा, असेल पंचविशीची. म्हणाल्या, काका, तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका आहे. दहा मिनिटं काही केलं नाहीत तर तो करडा होतो आणि मला इथे दिसतो. म्हटलं, ठिपक्यावरून माणसाची पारख करता? तर म्हणाल्या, पारख नाही हो, नुसतं दिसतं.
ठिपका मॅडम! हेच नाव ठेवलं.
पानं आठ. संतापात लक्ष लागत नाही.

६ मार्च, बुधवार
छोट्या सुट्टीत येरझाऱ्या घालताना तिसरीतली कविता आठवली:

घंटा झाली, पाटी पुसली,
वारा शिरला वर्गात,
कोण राहिले मागे बाकी?

चौथी ओळ काही केल्या आठवेना. छोटी सुट्टी मधल्या सुट्टीला जाऊन मिळाली. शेवटी ही स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, "बाई अजुनी कामात". आणि भाजी गार झाली.
यमक जुळतं, पण भाव नाही. कवी असं लिहिणार नाही. खरी ओळ भव्य असणार, आभाळाबिभाळाची. हिचं शिक्षण अकरावीपर्यंत, तेव्हा बोलून उपयोग नाही.
पानं पाच.

८ मार्च, शुक्रवार. सायंकाळी
आश्चर्य! डोळ्यांच्या सुट्टीत पाऊण तास आडवा झालो होतो. उठून पाहतो तर ठिपका हिरवागार आणि आजची पानं एकवीस! म्हणजे आडवं होण्याआधी मी कसल्या वेगात होतो. समाधी लागल्यावर माणसाला आठवत नाही म्हणतात, ते खरं आहे.
दोन तक्रारी. एक, चहा वीस मिनिटं उशिरा. दोन, हिचा चष्मा माझ्या लॅपटॉपशेजारी. एकेचाळीस वर्षं सांगतोय, वस्तू जागच्या जागी.

११ मार्च, सोमवार
डोळ्यांची सुट्टी दीड तासाची केली. पानं तेवीस! विश्रांती वाढली की काम वाढतं. हा शोध आहे. यावर लेख लिहावा म्हणतो.
पडलो असताना ठिपका मॅडमचा फोन आला होता, तो हिने घेतला. झोपेत ऐकू येत होतं, अर्धा तास चाललं होतं. ऱ्हस्व, दीर्घ असं काहीतरी. मध्येच दोघी हसल्या. उठल्यावर विचारलं, काय म्हणत होती? म्हणाली, काही नाही, पान सत्त्याऐंशी. बायकांना बोलायला पान सत्त्याऐंशीसुद्धा पुरतं.

१२ मार्च, मंगळवार
जुने दिवस आठवले. लग्नानंतर मी गठ्ठेच्या गठ्ठे घरी आणायचो. ही पोळपाटाशेजारी मूळ प्रत उघडून मोठ्याने वाचायची, अनुस्वार, स्वल्पविराम, सगळं तोंडाने बोलून. मी छापलेल्या कागदावर खुणा करायचो. कधी कधी म्हणायची, अहो, इथे तुमची नजर चुकली. मी म्हणायचो, तू फक्त वाच.
कसे छान दिवस होते. दोघांनी मिळून काम, म्हणजे काम माझं, पण सोबत तिची.
पानं एकोणीस. एकूण एकशे सहा.

१३ मार्च, बुधवार
ही आज वेळापत्रकासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, तुमच्या दिवसात पाच सुट्ट्या आहेत. मला एक द्या. मी जरा ताईकडे जाऊन येते.
म्हटलं, तुला कसली सुट्टी? तू घरीच असतेस.
ती बॅग भरायला गेली. जाताना म्हणाली, सगळं डब्यांत आहे.
तिकडच्या गप्पांना अंत नसतो. असो. घर शांत. आता कामाला खरा जोर चढेल. उद्याचं उद्दिष्ट तीस पानं.
(आजची एकोणीस. ती जाण्याआधीची.)

१४ मार्च, गुरुवार
पानं चार. शांतता फारच आहे, तिचाच आवाज होतो.
शेजारच्या हॉटेलातून डबा मागवला. झाकण उघडायला अकरा मिनिटं लागली, ठिपका करडा.

१५ मार्च, शुक्रवार
डोळ्यांची सुट्टी दोन तासांची केली. शोधाप्रमाणे तीस पानं व्हायला हवी होती. उठून पाहिलं: जिथे होतो तिथेच, पान एकशे एकोणतीसवर. समाधी लागली नाही. उशी बदलून पाहावी.

१६ मार्च, शनिवार
मुलाचा फोन. आई कशी आहे विचारत होता. म्हटलं, मी कसा आहे ते विचार. म्हणाला, बाबा, ते तुम्ही सांगताच.
पानं शून्य. मन दुखावलं.

१८ मार्च, सोमवार
पान एकशे त्रेचाळीस. घंटा झाली, पाटी पुसली! छापलेली चौथी ओळ: "बाई अजुनी कामात".
म्हणजे मूळ पुस्तकातच चूक. कुणीतरी हिच्यासारखंच ऐकीव लिहिलं असणार. तीन तास विचार करून दुरुस्त केली: "स्वप्ने उरली गगनात". मुद्रितशोधकाने शब्द बदलायचे नसतात हे खरं, पण तो नियम सामान्यांसाठी.

१९ मार्च, मंगळवार
लॅपटॉप बिघडला. पान एकशे पन्नास उघडलं तर वर पाटी: या पानावर दुसरी व्यक्ती काम करत आहे. घरात मी एकटा! पुढचं पान उघडलं, तीच पाटी. यंत्राला भूत दिसतंय. मी बंद करून झाकून ठेवलं. यंत्रालाही सुट्टी हवी.
हिचा फोन लागत नाही. लागतो, पण सतत व्यग्र. बहिणी समोरासमोर असताना फोन कुणाशी?

२१ मार्च, गुरुवार
घाबरत उघडलं. पान दोनशे बारापर्यंत प्रत्येक पानावर तपासल्याची हिरवी खूण. काम पूर्ण! कधी केलं हे आठवत नाही, पण दुसरं कोण करणार? समाधी परत आली. गेल्या आठवड्यात उगाच स्वतःला दोष दिला.
खरं म्हणजे दिला नव्हता.
नाव छापताना पुढे "श्री." लावा असं ठिपका मॅडमना कळवावं. वेलांट्या मी स्वतः तपासेन.

२२ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.२०
बेल. वाटलं, ही आली. मग आठवलं, हिच्याकडे किल्ली असते.
दारात एक बाई. केस माझ्याहून पांढरे, हातात कापडी पिशवी, तीन जिने चढून दम लागलेला. म्हणाल्या, काका, मी ऑफिसातली. ठिपक्यांची. आवाज तोच, पंचविशीचा.
मग विचारलं, बाई आहेत का?
म्हटलं, कोण बाई?
हसल्या. मी गंमत करतोय असं वाटलं त्यांना. म्हणाल्या, अहो, तुमच्या घरच्या बाई. इकडेच येत होते, म्हटलं, परतल्या असतील तर एकदा प्रत्यक्ष भेटावं. केवढी नजर आहे त्यांची! तुम्हाला बरं नव्हतं तेव्हा दुपारी तेवढ्याच वेळात पानं उडवायच्या, आणि आता तर बहिणीकडे बसून शेवटची सगळी पुरी केली. एकशे त्रेचाळीसवर कुणीतरी आख्खी ओळ बदलली होती. मी घाबरून फोन केला, तर त्यांनी न बघता मूळ ओळ सांगितली.
मी म्हटलं, हो का.
म्हणाल्या, मालकांनी पुढचा कोशही बाईंनाच द्यायचा ठरवलाय. हे तेवढं त्यांना दाखवा, चूक असेल तर कळवा.
कागद दिला. पुस्तकाचं दुसरं पान. मुद्रितशोधन, आणि पुढे हिचं पूर्ण नाव.
दोनदा वाचलं. एकदा उलटं, शेवटाकडून वाचलं, तशी चूक लवकर सापडते.
नाही सापडली.

त्या बाहेर बसल्या आहेत. माझ्या तोंडून "चहा करतो" असं निघून गेलं, आता इथे ओट्याशी उभा राहून लिहितोय. फळीवर बारा डबे आहेत, सारखे, एकावरही नाव नाही. चार उघडले. एकात जिरं, एकात मोहरी, दोहोंत काय ते कळलं नाही.
बाहेरून विचारताहेत, काका, बाई परत कधी येणार म्हणाल्या?
विचारलंच नव्हतं.
पाचवा डबा उघडतोय.