बेटावरच्या पाच तास चाळीस मिनिटांबद्दल

तीर्थस्वरूप भाऊजी यांच्या चरणी,
दुकानातल्या एकतीस चालू आणि नऊ बंद घड्याळांच्या साक्षीने मेहुण्याचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? ताई सांगत होती की जिना चढताना दर तिसऱ्या पायरीला आतून कट्ट असा आवाज येतो. नेमका तिसऱ्याच पायरीला येत असेल तर तो दात्याचा दोष समजावा (चाकाचा एखादा दाता झिजला की असंच होतं), पण गुडघ्याला दाते नसतात असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा मी जास्त बोलत नाही. ताईला नमस्कार सांगा, मात्र हे पत्र तिला दाखवू नका. कारण पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. खरं तर तुम्ही विचारणार नाही, तुम्ही काहीच विचारत नाही, पण ताई विचारेल. गेले पाच आठवडे मी फोनला हात लावलेला नाही. घरात तो वाजला तरी मी दुसऱ्या खोलीत जातो. शिवाय तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’, एवढं नऊ सेकंदांत आटोपतं (मी मोजलंय. राग मानू नका, माझा धंदाच तो आहे). मला जे सांगायचंय ते नऊ सेकंदांत मावणारं नाही.

आम्ही बेटावर जाऊन आलो हे तुम्हाला माहीत आहे. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली आणि तेवढ्या काळात आम्ही दोघं मिळून कुठे गेलो असू तर डोळ्यांच्या दवाखान्यात. हिने शिवणाच्या पैशातून वर्षानुवर्षं थोडं थोडं बाजूला टाकलं, आणि एके दिवशी जेवताना माझ्या ताटाशेजारी दोन तिकिटं ठेवली. मी तिकिटावरची सुटण्याची वेळ वाचत होतो तेवढ्यात हिने अट घातली. चार दिवस दुकानाचं नाव काढायचं नाही, दुकानातल्या कुणाला फोन करायचा नाही (दुकानात मी एकटाच असतो, तरी तिने ते घातलं), आणि अनोळखी माणसांच्या मनगटाकडे रोखून बघायचं नाही. अट मोडली तर परत आल्यावर दुकानाला कायमचं कुलूप. ताई त्या दिवशी आमच्याकडेच होती आणि तिने मोठ्या उत्साहाने साक्षीदार व्हायचं कबूल केलं. मी हो म्हणालो. तोंडात घास असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

भाऊजी, दुकान चव्वेचाळीस वर्षांचं आहे. सहा फूट बाय नऊ. त्यात मी, माझं स्टूल, भिंग आणि चाळीस घड्याळं. सेलची घड्याळं आल्यापासून दिवसाला दोन गिऱ्हाइकं आली तरी गर्दी झाल्यासारखं वाटतं, हे मला कळतं. पण त्याला कुलूप लावून मी घरी काय करू? घरात एकच घड्याळ आहे आणि ते बिघडत नाही.

तर बेट. बेट दुसऱ्या देशाचं आहे, बोटीने दीड तास (त्यांच्या पाटीवर सव्वा तास लिहिलंय). खोली छान होती. पुढे व्हरांडा, दोन वेताच्या खुर्च्या, समोर समुद्र. पण सबंध हॉटेलात भिंतीवर एकही घड्याळ नाही. मॅनेजरला विचारलं तर तो हसून म्हणाला की पाहुण्यांना वेळ विसरायची असते, म्हणून आम्ही मुद्दाम लावत नाही. अशा माणसाशी काय बोलणार? समुद्राचंही तेच. भरती रोज जवळजवळ पन्नास मिनिटं उशिरा येते आणि त्याबद्दल कुणीही तक्रार करत नाही. मी एक घड्याळ रोज पन्नास मिनिटं मागे पडणारं दिलं असतं तर लोकांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. ही मात्र खुशीत होती. सकाळी दहाला पाण्यात जायची ती बाराला यायची, परत तीनला जायची ती पाचला. पाठीवर पडून तरंगायला शिकली, साठाव्या वर्षी. मी व्हरांड्यात बसून राहायचो. माझं नाक उन्हाने सोललं, बाकी काही झालं नाही.

परत आल्यावर नवव्या दिवशी फोनचं बिल आलं. अडतीस हजार चारशे बारा रुपये. हॉटेलचं भाडं याहून कमी होतं, भाऊजी. सोबत तपशिलाचा कागद. परदेशातून केलेले फोन अकरा, सगळे एकाच नंबरला, वेळ सकाळी दहा ते बारा आणि दुपारी तीन ते पाच यांच्या मधली, एकूण पाच तास चाळीस मिनिटं. हिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, ‘तुम्ही केलेत का हे फोन?’ मी सरळ नाही म्हणालो. हिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, साधारण चार सेकंद, आणि म्हणाली, ‘मग सोडायचं नाही यांना.’ तेव्हापासून आमच्या घरात युद्ध चालू आहे.

आधी आम्ही कंपनीला फोन लावला (म्हणजे हिने लावला, मी शेजारी बसलो). आमचा फोन त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे असं एका बाईने सांगितलं आणि मग वाद्यसंगीत लावून दिलं. तो तुकडा बेचाळीस सेकंदांचा आहे. पुन्हा सुरू होताना दर वेळी अर्धा सेकंद अडखळतो. आम्ही तो अठ्ठावीस वेळा ऐकला, आणि मग एका माणसाने येऊन सांगितलं की ही तक्रार लेखी करा. लेखी तक्रारीच्या फॉर्ममध्ये तीनशे अक्षरांची जागा. एवढ्या जागेत माझं ‘महोदय’ आणि प्रस्तावना जेमतेम बसते. मग आम्ही समक्ष गेलो. तीनदा गेलो. टोकन घ्यायचं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, आणि काउंटरवरच्या मुलीच्या मागचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे ते बघत राहायचं. मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की मी खुर्चीवर चढून एका मिनिटात लावून देतो. ती नको म्हणाली.

ही मुलगी दिसायला साधी आहे, पण भारी चिवट. मी काय काय नाही सांगितलं तिला! खिशात फोन दाबला गेला असेल म्हणालो, तर म्हणे अकरा वेळा तोच नंबर? शेजारच्या देशाच्या टॉवरने घोळ घातला असेल म्हणालो. तिने मान डोलावली. मॅनेजरवर संशय घेतला (ज्याला घड्याळाचं वावडं आहे तो काहीही करू शकतो). प्रत्येक वेळी ती मुलगी सगळं शांतपणे ऐकून घेते, रागावत नाही, वरिष्ठांना बोलावत नाही, आणि शेवटी एवढंच म्हणते, ‘काका, नीट आठवून बघा ना.’ माझ्या वयाच्या माणसाला! मागच्या खेपेला तिच्यात आणि हिच्यात काही नजरानजर झाल्यासारखं मला वाटलं, पण माझ्या चष्म्याचा नंबर नुकताच बदललाय. आमची बाजू भक्कम आहे याचा एक पुरावा मात्र देतो. पाच आठवडे बिल थकलंय तरी कंपनीने आमचा फोन तोडलेला नाही. चूक त्यांची नसती तर त्यांनी एव्हाना गप्प बसून घेतलं असतं का?

ही आता म्हणते ग्राहक न्यायालयात जाऊ. तिथे प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणजे हे फोन मी केले नाहीत असं शपथेवर लिहून द्यायचं. हिने त्यासाठीचा कागदसुद्धा आणून ठेवलाय, माझ्या उशीजवळच्या कपाटावर. आणि भरीस भर म्हणून मंगळवारी त्या मुलीने यंत्रात बघून सांगितलं की ज्या नंबरला फोन गेले तो तुमच्या नावावर आहे. तुमच्या, भाऊजी.  रिक्षात बसल्यावर ही म्हणाली, रविवारी दहा वाजता भाऊजींना जाऊन विचारू.

तर रविवारी आम्ही येतो आहोत. ताईला जेवणाचा घाट घालू नको म्हणावं. गुडघ्याला तेल लावत जा. तुमच्या प्रकृतीला जपा आणि माझ्यावर लोभ आहे तो असाच राहू द्या, रविवारपर्यंत तरी.

आपला आज्ञाधारक,
घड्याळवाला

ता. क. रविवारी ही विचारेल तेव्हा कृपा करून सांगा की ते फोन मी तुम्हालाच केले होते. अट दुकानाची होती, नातेवाइकांशी बोलू नये असं कुठे ठरलं होतं? विषय तुमचा गुडघा. ताईला फक्त आवाज माहीत आहे, खरं दुखणं तिच्यापासून लपवायचं होतं म्हणून मी गप्प राहिलो, असं म्हटलं की माझी बाजू उलट चांगलीच दिसते. पाच तास चाळीस मिनिटं तुम्ही बोललात यावर विश्वास बसणं कठीण आहे हे मी जाणतो. तुम्ही ऐकत होतात आणि मी बोलत होतो असं सांगू. रविवारपर्यंत थोडा सराव केलात, ताईशी दिवसाला निदान पाच-सात वाक्यं बोललात, तर बरं पडेल.

ता. क. २. तुम्ही खोटं बोलणार तर खरं काय ते तुम्हाला कळायला हवं. पूर्वी तुम्हाला एका योजनेत दोन सिमकार्डं मिळाली होती आणि त्यातलं एक तुम्ही मला दिलं होतं, आठवतं? ते माझ्या जुन्या फोनमध्ये आहे आणि तो फोन दुकानात असतो. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ माझ्याकडे आलं होतं. ते ठोका खायचं. कधी नवाचे आठ, कधी बाराचे अकरा, काही नेम नाही. मी समोर बसलो की बरोबर, पाठ वळली की एक कमी. तीन आठवडे काढले, सापडेना. अशा अवस्थेत मला बोटीत बसवलं. मी जाताना फोन चार्जरला लावला, आपोआप उचलला जाईल असा ठेवला, आणि घड्याळाच्या पेटीत आतल्या बाजूला टेकवून आलो. माझं डोकं त्या पेटीत मावत नाही, फोन मावतो. पहिल्या दिवशी एकच मिनिट ऐकायचं म्हणून लावला. पण, भाऊजी, तो आवाज! चव्वेचाळीस वर्षांत चाळीस घड्याळांच्या कलकलाटात मी एकही घड्याळ एकटं असं ऐकलेलं नाही. चौथ्या दिवशी बाराच्या आधी एक बारीकशी खरखर ऐकू आली आणि मला दोष कळला. ठोका देणाऱ्या हातोडीची तार वाकलेली होती. परत येऊन दहा मिनिटांत सरळ केली. बाईंनी चारशे रुपये दिले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. आता हे मी कुणाला सांगू? हिला सांगावं तर कुलूप, आणि शपथेवर खोटं लिहून द्यायला हात धजत नाही. गेले पाच आठवडे माझी झोप उडाली आहे, एवढं खरं.

ता. क. ३. पत्र वाचून जाळा. तुमचा नवा पत्ता हिच्या वहीत असल्यामुळे पाकीट तिच्याकडेच द्यावं लागणार आहे, पण काळजी नसावी. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हा तिचा पहिल्यापासूनचा नियम आहे.

*

भाऊजी, नमस्कार. हे अक्षर माझं आहे.

नियम आहेच. पण यांनी पाकीट न चिकटवताच दिलं. घडी नीट करायला गेले तर ओळीओळीत ‘ही’ आणि ‘हिने’, मग ते दुसऱ्याचं पत्र कसं राहिलं? यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून बेटावर फोन मोठ्या आवाजावर लावलेला होता. हे यांच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी टॉवेल विसरले म्हणून पाण्यातून परत आले, तर टिकटिक खालपर्यंत ऐकू येत होती. शेजारच्या खोलीतल्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या खोलीत घड्याळ दिलंय वाटतं, आम्हाला नाही दिलं. हे डोळे मिटून बसले होते आणि बोटांवर मोजत होते. इतका सुखी चेहरा मी यांचा लग्नातही पाहिला नव्हता. मला फार राग आला. आणि मग उठवावंसंही वाटेना. टॉवेल न घेताच परत गेले आणि उन्हात वाळले.

बिल मी आलं त्याच आठवड्यात भरून टाकलं. काउंटरवरच्या मुलीला सगळं सांगितलेलं आहे, गुणी मुलगी आहे. पाच आठवडे मी वाट बघते आहे की हे आपणहून सांगतील. सांगितलं, ते तुम्हाला. त्याचं मात्र वाईट वाटलं.

कुलपाचं म्हणाल तर यांना दिवसभर घरात ठेवून घेण्याची माझी तयारी अट घातली तेव्हाही नव्हती. पण हे यांना रविवारच्या आधी कळायला नको. रविवारी दहाला मी एकदाच विचारीन, आणि तुमच्याकडे बघणार नाही, यांच्याकडे बघेन. तुम्ही मध्ये पडू नका, गुडघ्याचं नाव काढू नका, आणि सराव तर मुळीच करू नका. नेहमीसारखं ‘हं’ म्हणा आणि गप्प बसा. यांना बोलू द्या, कितीही वेळ लागला तरी. मी ऐकायला बसले आहे.