सूचक म्हणून तुमचं नाव

सोमवार, ९ फेब्रुवारी
दुपार

प्रिय भाऊजी,

नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही पाठवते. इतक्या वर्षांनी तुमच्यावर कशाचा हक्क उरलाय ते मला ठाऊक नाही, तेव्हा चालेल ते ठेवून घ्या. जाऊबाईंना माझी आठवण सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे.

अक्षर वाकडं वाटलं तर हसू नका. डाव्या हाताला प्लास्टर आहे, कागद धरता येत नाही, म्हणून त्यावर इस्त्री ठेवून लिहितेय. गार इस्त्री, घाबरू नका. वाचनालयात शिडीवरून पडले. या वयात शिडीवर कशाला चढायचं, हे डॉक्टरांपासून पेपर टाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. तुम्ही नका विचारू.

आधी वाचनालयाची खबर देते. तुम्ही विचारणार नाही, पण वाचाल नक्की. बालविभागाला वेगळी खोली झाली. वर अभ्यासिका झाली, तिथे परीक्षेची मुलं उजाडायच्या आत खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतात. आपण तिघांनी पलंगाखालच्या ट्रंकेतून सुरुवात केली, हे सांगितलं तर नव्या सभासदांना थाप वाटते. मी नवी नवरी, दुपारभर एकटी, सारखी वाचायला मागायचे. हे बायंडिंगच्या कारखान्यातून पानं उलटसुलट लागलेली, बाद झालेली पुस्तकं घरी आणायचे आणि उसवून, पुन्हा शिवून माझ्या हातात द्यायचे. मग शेजारणी मागायला लागल्या. तुम्ही खिडकीत एक फळी ठोकलीत आणि म्हणालात, "वहिनी, आजपासून तुम्ही ग्रंथपाल." पगार विचारला तर म्हणालात, चहा. तो चहाही मीच करायचा.

धान्यवाल्याचं रिकामं गोदाम मिळालं तो दिवस आठवतो? गल्लीभर माणसं रांगेत उभी राहिली आणि पुस्तकं या हातातून त्या हातात अशी पोचली. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं आणि ते गिऱ्हाईकही साबण लावलेल्या गालाने रांगेत येऊन उभं राहिलं. हे शेवटच्या टोकाला होते. येणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर एकदा हात फिरवायचे आणि मगच फळीवर ठेवायचे, त्यामुळे मागे सगळी रांग तुंबलेली. तुम्ही ओरडत होतात, "दादा, नंतर लाड कर!"

यांच्या कव्हरांवरून तुमचं आणि यांचं बिनसलं. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि कण्यावर यांच्या अक्षरात नाव, हा यांचा हट्ट. चित्र बघून पुस्तक उचलू नये, आणि पुस्तक टिकलं पाहिजे. तुम्ही म्हणायचात, दादाने पुस्तकांना गणवेश घातलाय. मग एकदा हे बाहेरगावी गेलेले असताना तुम्ही एका कपाटाची सगळी कव्हरं उतरवलीत. खरं सांगते, ते कपाट सुरेख दिसत होतं. मुलं येऊन नुसती बघत उभी राहायची. हे परतले, बसून सगळी पुन्हा घातली, आणि सभेत सगळ्यांदेखत म्हणाले की हे वाचनालय आहे, कापडाचं दुकान नाही. तुम्ही उठलात आणि पुन्हा पायरी चढला नाहीत. मी मध्ये पडले नाही. कुणाची बाजू घेणार होते?

आता मात्र ती कव्हरंच उलटली आहेत, भाऊजी.

सुरुवातीला गंमत वाटली. आपले ते म्हातारे पोस्टमन रहस्यकथा म्हणून एक पुस्तक घेऊन गेले आणि परत करताना म्हणाले, "वहिनी, खून होतच नाही हो. शेवटपर्यंत नुसती मधमाश्यांची चौकशी." आत मधमाश्या पाळण्याचं पुस्तक होतं. जुनं कव्हर फाटलं म्हणून यांनी नवं घातलं आणि नाव भलत्याच पुस्तकाचं लिहिलं. आम्ही सगळे हसलो, हेसुद्धा हसले. मग एका शिक्षिकेला निबंधांऐवजी मोटार दुरुस्ती मिळाली. मग रोजच कुणी ना कुणी काउंटरवर येऊन उभं. हे दिवसभर बसून धडधाकट कव्हरं काढतात, नवी घालतात आणि मनाला येईल ते नाव लिहितात, तेही अशा सुरेख अक्षरात की शंका यायला जागा नाही. कपाटंच्या कपाटं अशी झाली. कण्यावरच्या नावावर आता कुणाचा भरवसा उरला नाही.

डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. औषधाने फार तर जरा सावकाश वाढेल. दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा मी जाऊन एकेक पुस्तक उघडून बघायचे आणि खरं नाव घालायचे. मी सरळ करायची आणि यांनी पुन्हा उलटं करायचं. किल्ली लपवली तर हे बंद दारापाशी जाऊन बसले. अन्न नाही, पाणी नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मालक येतील, मग उघडतील." मला ते बघवलं नाही. किल्ली परत दिली.

गेल्या आठवड्यात बालविभागातल्या एका मुलीने आतलं चित्र बघायला कव्हर जरा वर केलं, तर यांनी तिचं मनगट धरलं. सोडेनात. तिच्या आईने येऊन सोडवलं. म्हणून आता येत्या रविवारी, पंधरा तारखेला, सभा आहे. यांना वाचनालयात येऊ द्यायचं की नाही, एवढाच विषय. अध्यक्ष म्हणजे आपले औषधवाले, देवमाणूस. घरी येऊन म्हणाले, "वहिनी, त्यांना 'येऊ नका' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. ते कुणाला काही करणार नाहीत, एवढं तुम्ही म्हणा. ठराव आलाच नाही असं समजू."

मी त्यांना चहा दिला.

भाऊजी, मी शिडीवरून पडले नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, औषधवाल्यांना नाही, डॉक्टरांना नाही. त्या दुपारी मी शिडीवर उभी राहून वरच्या फळीवरची कव्हरं काढत होते. हे मागून आले. मी म्हटलं, "अहो, मी आहे." यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत ओळख म्हणून नव्हती. "चोर" म्हणाले आणि शिडी ओढली. चुकून नाही. दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढली.

मी खाली पडले तर माझ्याशेजारी येऊन बसले. राग गेला होता. कुणा परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "लागलं का हो? कुणाकडच्या तुम्ही? वाचायला हवं असेल तर मागायचं, चोरायचं कशाला? आमच्याकडे बायकांना वर्गणी नाही. आमची मंडळी बसते खिडकीत, तिला सांगा. फार वाचते ती. तिच्यासाठीच काढलंय हे सगळं."

हात मोडल्याचं दुखणं मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी तशीच पडून रडत होते आणि हे मला धीर देत होते.

आता तुम्हीच सांगा, औषधवाल्यांना मी काय म्हणू? काही करणार नाहीत म्हटलं, तर उद्या त्या शिडीवर एखादं पोर असेल. करतील म्हटलं, तर हा माणूस घरात बसून काय करेल? आताच जेवताना टेबलक्लॉथचे कोपरे दुमडत बसतात, कव्हर घालावं तसे. दार बंद झालं की हे फार दिवस काढणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसतंय. दोन्हीकडून घात माझ्याच हातून होणार. विचार करकरून डोकं फुटायची वेळ आलीय.

वाचनालयाची घटना तुम्हीच लिहिली होती. संस्थापकाला दूर करायचं तर ठराव संस्थापकानेच मांडायचा, अनुमोदन कुणीही द्यावं. मोठ्या ऐटीत घातलं होतंत ते कलम. संस्थापक आपण तिघं. ठराव यांच्याच विरुद्ध, म्हणजे हे त्यातून वगळले. उरलो तुम्ही आणि मी.

मी नाही मांडू शकत. हे सभेला येणार, पहिल्या खुर्चीवर बसणार, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्या तोंडावर मी ते वाक्य बोलले आणि नेमकं तेव्हाच त्यांना सगळं उमगलं, तर? तसं होतं अधूनमधून, लख्ख उमगतं. मग घरी आल्यावर मला त्यांच्याबरोबर राहायचंय. त्यांना आंघोळ घालायचीय, भरवायचंय. माझ्या हातचा घास त्यांनी घेतला पाहिजे. मला त्यांच्या नजरेत वाईट होऊन चालणार नाही, भाऊजी. तुम्ही आधीच वाईट झालेले आहात. आणखी एकदा व्हा.

हे लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. वाटलं, पाठवूच नये. कारण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून तुम्हाला बोलावणं म्हणजे फसवणं होईल. यांना ते भांडण आठवत नाही. साफ पुसलं गेलंय. रोज संध्याकाळी ताटावर बसले की विचारतात, "धाकटा आला नाही अजून? त्याचं काढून ठेव." मी काढून ठेवते, नाहीतर हे जेवत नाहीत. नुसते भेटायला आलात तर हे तुम्हाला पोटाशी धरतील. इतकी वर्षं तुम्ही ज्याची वाट पाहिलीत ते तुमच्यासाठी इथे तयार आहे, आणि मी तुम्हाला ते मोडायला बोलावतेय.

शनिवारी या. रविवारी नका येऊ, शनिवारी या. एक रात्र दोघं भाऊ एका ताटात जेवा. हे बोलतील, तुम्ही हं म्हणा. सकाळी सभा अकराला आहे. ठराव मी लिहून ठेवलाय, सूचक म्हणून तुमचं नाव घातलंय. तुम्हाला फक्त उभं राहून वाचायचाय.

नाही आलात तर मी औषधवाल्यांना सांगेन की हे कुणाला काही करणार नाहीत. माझ्या तोंडून दुसरं काही निघणारच नाही.

तुमचं ताट काढून ठेवणारी,
वहिनी